चार श्रेयांक, सहा तास
कॉलेजच्या वेळापत्रकाकडे सभासद पालकांनी कसे पहावे?



मागच्या जुलै महिन्यातील गोष्ट. कारखाना बंद होता. मिल उघडून ठेवलेली, ओव्हरहॉलिंग चाललेले, आणि आमची प्रयोगशाळा त्या मानाने निवांत होती. आपल्या एका गटातील सभासद आडसाली लागणीच्या नोंदीसाठी शेतकी ऑफिसात आले होते. काम उरकून ते लॅबमध्ये डोकावले. बरोबर मुलगी होती. हातात कॉलेजचा एक छापील कागद.

"साहेब, जरा ह्या कागदात काय लिहिलंय ते बघा. चार दिवसांत फॉर्म भरायचाय, अन् घरात भांडण लागलंय."

मुलीचे बी.एस्सी.चे पहिले वर्ष छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात पार पडले होते. विषय तीन : फिजिक्स, केमिस्ट्री व गणित. दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य विषय धरायचा आणि एक दुय्यम. मुलांच्या भाषेत मेजर आणि मायनर. मेजर केमिस्ट्री, याबद्दल घरात दुमत नव्हते. भांडण होते ते मायनरवरून.

"पोरगी म्हणू राहिली, फिजिक्स घ्यायचं. मी म्हणतो कामून? केमिस्ट्री मेन आहे ना? मग दुसरा विषय हलका बघावा. गणिताचं सगळं सकाळी उरकतं. फिजिक्सची प्रॅक्टिकलं दुपारी तीन ते पाच, अन् आमची गाडी साडेचारला. ती चुकली की मग सातची. घरी यायला नऊ वाजतात. पावसापाण्याचं, अंधाराचं लेकरू कसं यावं?"

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "काका, गणित मला जमतं. पण शिकायचं फिजिक्स आहे."

दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणून हा लेख. आपल्या सभासदांची बरीच मुले-मुली आता कॉलेजात आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्या पुष्कळ घरांत येणार आहे.

आधी निवडच नव्हती

आपल्या भागात हा प्रश्न पडावा, हीच एका अर्थाने प्रगती आहे. निजामाच्या राजवटीत औरंगाबादला १९२३ साली इंटरपर्यंतचे सरकारी कॉलेज निघाले. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले.

त्यानंतर कितीतरी वर्षे बी.एस्सी. म्हणजे तीन विषयांचा गट. एकदा गट घेतला की शेवटपर्यंत तिन्ही विषय सारखेच. वेळापत्रक कॉलेज ठरवी, विद्यार्थी उतरवून घेई. पालकाने बघावे असे त्यात काही नव्हते.

आता तसे राहिले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. विद्यार्थ्याने एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवायचे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. त्यांत मायनरचा वाटा १८ ते २० श्रेयांकांचा. उरलेले मेजरला, दुसऱ्या शाखेतील खुल्या विषयाला, भाषेला, कौशल्याला आणि प्रत्यक्ष कामाला वाटलेले. म्हणजे निवड मुलांच्या हाती आली. पण निवड हाती आली की हिशेबही आपल्याच गळ्यात येतो.

चार म्हणजे किती?

मी मुलीच्या कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

कागदावर गणित चार श्रेयांकांचे, फिजिक्सही चार श्रेयांकांचे. पाहणाऱ्याला वाटते, दोन्ही सारखेच. पण श्रेयांक म्हणजे तास नव्हे. वर्गात बसून शिकायचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. प्रयोगशाळेत उभे राहून करायचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. सत्र १५ आठवड्यांचे धरा. मग वर्गातल्या एका श्रेयांकाला आठवड्याला एक तास लागतो, आणि प्रयोगाच्या एका श्रेयांकाला दोन.

चारही श्रेयांक वर्गातले असतील तर आठवड्याला चार तास. दोन वर्गातले आणि दोन प्रयोगाचे असतील तर दोन अधिक चार, म्हणजे सहा तास. कागदावर चारच.

आता पूर्ण आठवडा पाहू. सत्राचे २२ श्रेयांक. केमिस्ट्री मेजरचे ८ : त्यांत निम्मे प्रयोग धरले तर ४ तास वर्गाचे आणि ८ तास लॅबचे, एकूण १२. फिजिक्स मायनरचे ६. उरलेले १० श्रेयांक सगळे वर्गातले धरले तरी १० तास. बेरीज २८. ही झाली कमीत कमी. वरच्या दहांत कौशल्याचे किंवा प्रत्यक्ष कामाचे विषय असतात, त्यांना आणखी वेळ जातो. सहा दिवसांच्या आठवड्यात २८ तास बसतात. नाही असे नाही. पण ते अशा मुलांचे बसतात जी कॉलेजपासून पायी अंतरावर राहतात. रोज एसटीत तीन तास घालवणाऱ्या लेकराचे तेच २८ तास अंगावर येतात.

वडील म्हणाले, "म्हणजे माझंच बरोबर की."

मी म्हटले, "अण्णा, उसाची जात निवडताना तुम्ही नुसतं टनेज बघता का? किती महिने रान अडकतं, पाणी किती लागतं, हे बघता. आणि उताराही बघता. आपण अजून नुसती पाण्याची पाळी मोजली. उतारा बघायचा राहिलाय."

फिजिक्स कशाला?

आमच्या लॅबमध्ये एका कपाटात हाताने फिरवायचा जुना पोलरीमीटर आहे. आता रोजच्या कामाला अंकी यंत्र आहे, पण जुने मी टाकून दिलेले नाही. ते बाहेर काढले. साखरेचे पाणी करून नळीत भरले आणि आधी वडिलांना डोळा लावायला सांगितले.

"अर्धं उजेडी दिसतंय, अर्धं काळं."

"आता ही चकती हळूहळू फिरवा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की थांबा."

त्यांनी फिरवली. सारखे झाले तिथे थांबले. मी मोजपट्टीवरचा आकडा वाचून दाखवला. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची पातळी उजवीकडे वळते. जितकी साखर जास्त तितकी जास्त वळते. बिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास असल्या द्रवांचा हा गुण दाखवून दिला. पुढे साखर धंद्याने त्यावर आपले माप बसवले : २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करायची, २० सेंटिमीटरच्या नळीत भरायची, म्हणजे पट्टीवर बरोबर १०० यावेत. आपण ज्याला रसाचा पोल म्हणतो तो हाच.

सभासद बंधूंना हे का सांगतो? २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरली. उतारा त्याच्यावर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. रसात साखर किती, मळीतून किती गेली, चिपाडात किती राहिली, हा सगळा हिशेब पोलच्या आकड्यांवर चालतो. म्हणजे तुमच्या बिलामागे फिजिक्सची एक चकती फिरते.

आणि ती एकटी नाही. ब्रिक्स पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचे माप. पॅनमध्ये सिरप निर्वातात उकळतात, कारण दाब कमी केला की ते कमी उष्णतेवर उकळते आणि साखर करपत नाही. एका भांड्यातून निघालेल्या वाफेवर पुढचे भांडे तापवायची युक्ती अमेरिकेतील नॉर्बर्ट रिलिये याने १८४० च्या दशकात पेटंट केली. आपल्या इव्हॅपोरेटरची रांग त्याच तत्त्वावर उभी आहे. सेंट्रिफ्यूगल मशीन गरगर फिरून मळी बाहेर फेकते आणि साखर जाळीत ठेवते. बॉयलर, टर्बाईन, सहवीज, हे तर सांगायलाच नको. साखर काय आहे ते केमिस्ट्री सांगते. ती हाती कशी येते ते फिजिक्सवाचून कळत नाही.

मुलगी नळीकडे बघत म्हणाली, "काका, साखरेचा हा प्रयोग आमच्या फिजिक्सच्या यादीत आहे."

असणारच. बी.एस्सी. फिजिक्सच्या प्रयोगांत तो कितीतरी वर्षे चालत आलेला आहे. वडिलांनी परत एकदा डोळा लावला. काही बोलले नाहीत.

पुढचे दारही पाहून ठेवावे. २०२४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाची जी चौकट काढली, तिच्यात पदवीला मेजर असलेल्याच नव्हे तर मायनर असलेल्या विषयातही एम.एस्सी. करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. प्रवेश गुणांवर द्यायचा की प्रवेश परीक्षेवर, ते विद्यापीठ पाहील. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आणि कानपूरच्या राष्ट्रीय संस्थेत मिळते. तिकडे जायचे तर पदवीला कोणते विषय होते, ही अट आधी वाचावी. आणि आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. सगळ्यांना तिथे नोकरी लागेल असे नाही. पण फिजिक्स म्हणजे मुंबई-पुण्याचा विषय, हे आता म्हणता येणार नाही.

मागून पुढे मांडावे

मायनर निवडताना मुले फक्त समोरचे सत्र बघतात. आपण ऊसतोडीचा कार्यक्रम कसा लावतो? गाळप केव्हा सुरू होणार आणि कोणती जात केव्हा पक्व होणार ते धरून मागे येतो, आणि लागणीची तारीख बघून तोड देतो. वेळापत्रकाचेही तसेच करावे. सहावे सत्र आधी लिहावे, मग पाचवे, मग चौथे, शेवटी तिसरे.

त्याचे कारण असे. तिसऱ्या सत्राचा पेपर तिसऱ्याच सत्रात शिकवतात, म्हणजे वर्षातून एकदा. तो सुटला की वर्गात बसून शिकायची संधी पुढच्या वर्षी, आणि तेव्हा तो पाचव्या सत्राच्या तासांवर येऊन आदळतो. फिजिक्समध्ये एक पायरी सोडून दुसरीवर चढताही येत नाही. गतिशास्त्र कच्चे असेल तर पुढचे सगळे लटपटते. म्हणून तिसऱ्या सत्रात जमवून घेऊ, चौथ्याचे चौथ्यात पाहू, हे धोरण इथे चालत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे होते.

दुसरे, पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळीच पुढचा विचार करावा. पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून मिळणे बहुतेक ठिकाणी अवघड जाते. या मुलीने तिन्ही विषय नीट घेतले होते म्हणून तिला निवड तरी होती.

तिसरे, प्रयोग बुडवण्याचे भांडवल फार थोडे असते. सत्रात प्रयोगाचे ६० तास. पुष्कळ कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे ४५ तास भरलेच पाहिजेत, आणि १५ तास हाताशी राहतात. आठवड्याला चार तासांप्रमाणे ते चार आठवडेसुद्धा नव्हेत. आपल्याकडे दिवाळी, लग्नसराई, ऊसतोड आणि आजारपण एवढ्यातच बसवायचे.

मग काय जमले?

सगळे मनासारखे जमले असे सांगितले तर ते खोटे होईल.

मुलीने पहिल्यांदा कॉलेजात प्रॅक्टिकलच्या किती बॅचेस आहेत याची चौकशी केली. हे कागदावर नव्हते, विचारल्यावर कळले. मंगळवार आणि गुरुवारच्या दुपारच्या बॅचेसशिवाय गुरुवारी सकाळी अकरा ते एकची एक बॅच होती. तिने अर्ज दिला. पण त्याच वेळी तिचा खुला विषय होता, वाणिज्य शाखेतला. खुला विषय दुसऱ्या शाखेतला लागतो, मात्र तो अमुकच हवा असे नसते. तिने तो बदलून कला शाखेतला, दुसऱ्या दिवशीचा घेतला. गुरुवार सुटला.

मंगळवार काही सुटला नाही. त्या दिवशी तीन ते पाच प्रॅक्टिकल आहेच. शहरात तिची मावशी राहते. मंगळवारी ती मावशीकडे मुक्काम करते आणि बुधवारी तिथूनच कॉलेजला जाते. हे ठरायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत तिच्या आईने जे बोलून मिळवले ते माझ्या हिशेबाने मिळाले नसते. मंगळवारची संध्याकाळची धार आता वडील काढतात.

स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाईन व्यवस्थेतून काही विषय करता येतात, हेही आम्ही पाहिले. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय तसे करण्याची मुभा कॉलेज देऊ शकते. मिळालेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या श्रेयांक-बँकेत जमा होतात, जसे आपल्या ठेवी जमा होतात तसे. पण त्याला कॉलेजची आधी लेखी मान्यता पाहिजे. आणि हा मार्ग वर्गातल्या विषयाला ठीक. चकती फिरवायला हात तिथेच न्यावा लागतो. तिने तो मार्ग या वर्षी घेतला नाही, पुढे अडचण आली तर ठेवला आहे.

तिसरे सत्र झाले. दोन वेळा प्रयोग बुडाले : एकदा घरची ऊसतोड आली तेव्हा, एकदा ताप आला म्हणून. जर्नल पूर्ण झाले. गुण बेताचे पडले, केमिस्ट्रीपेक्षा कमीच. वडिलांनी विचारले, "गणित घेतलं असतं तर?" ती म्हणाली, "जास्त पडले असते." आणि तरीही चौथ्या सत्राला तिने फिजिक्सच ठेवले. हा निर्णय बरोबर की चूक, हे आज मी ठरवणार नाही. पण तो तिने डोळे उघडे ठेवून, तासांचा हिशेब समोर ठेवून घेतला. फॉर्म भरायच्या रांगेत पुढच्या मुलाचे बघून घेतला नाही.

चारही सत्रांत प्रयोगाचे दोन-दोन श्रेयांक धरले तर फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तिचे २४० तास होतील. केमिस्ट्रीचे पदवीधर आमच्याकडे नोकरी मागायला येतात. त्यांतले काहीजण पोलचे सूत्र घडाघडा म्हणतात आणि यंत्रासमोर उभे केले की हात मागे घेतात. या २४० तासांची किंमत मला तिथे कळते.

पालकांनी कॉलेजात विचारावयाचे प्रश्न

१. मायनरच्या चार श्रेयांकांत वर्गाचे किती आणि प्रयोगाचे किती?
२. प्रयोगाच्या बॅचेस किती, कोणत्या दिवशी, किती वाजता? बॅच बदलून मिळते का, आणि अर्ज कोणत्या तारखेपर्यंत?
३. मेजर आणि मायनरचे तास एकमेकांवर येत नाहीत ना? सहाव्या सत्रापर्यंतचा तक्ता दाखवाल का?
४. खुला विषय आणि कौशल्याचा विषय कोणकोणत्या वेळी आहेत?
५. स्वयम् चे श्रेयांक धरता का? कोणत्या विषयांचे?
६. गुणपत्रिकेवर मायनर विषयाचे नाव कसे छापून येते?

हे विचारायला लाज वाटू देऊ नका. काट्यावर आपण वजनाची पावती वाचूनच गाडी पुढे घेतो. लेकराच्या तीन वर्षांची पावतीही तशीच वाचावी. प्रत्येक कॉलेजचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा शेजारच्याचे ऐकून फॉर्म भरू नये. आणि एसटीचे वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी ठेवूनच दोन्ही वाचावीत.

बंद हंगामात आमची लॅब दुपारी मोकळी असते. ज्या सभासदांच्या मुला-मुलींना विषय निवडायचे आहेत, त्यांनी कागद घेऊन खुशाल यावे. जुना पोलरीमीटर आता कपाटाबाहेरच ठेवला आहे.